काटकोन त्रिकोण सोडवताना : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

नाशिक शहर आणि जिल्ह्यातून या खेपेस आलेल्या पत्रांपैकी बरीचशी त्रिकोणमितीविषयी आहेत, आणि ती लिहिणाऱ्यांत दहावीच्या विद्यार्थ्यांबरोबर कारखान्यात काम करणारे, पालक आणि शिक्षकही आहेत. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत आणि पत्रलेखकांची नावे न छापता केवळ त्यांचे ठिकाण दिले आहे. परीक्षेत ३०, ४५ आणि ६० अंशांचे कोन येतात व त्यांची मूल्ये पाठ असतात. प्रत्यक्षात मोजलेला कोन इतका सोयीचा क्वचितच निघतो, म्हणून पुढील उत्तरांत लागतील तशी दशांश मूल्ये घेतली आहेत.

प्रश्न : साइन म्हणजे समोरची बाजू भागिले कर्ण हे मला पाठ आहे. तरीही आकृती फिरवून दिली की समोरची बाजू कोणती आणि लगतची कोणती हे माझे चुकते. शिवाय कर्णसुद्धा कोनाला लागूनच असतो, मग त्याला लगतची बाजू का म्हणत नाहीत? (इयत्ता दहावीतील विद्यार्थिनी, पंचवटी)

उत्तर : तुझ्या प्रश्नाचा दुसरा भाग फार योग्य आहे आणि तो वर्गात सहसा विचारला जात नाही. काटकोन त्रिकोणातील प्रत्येक लघुकोन दोन बाजूंनी बनतो आणि त्यांपैकी एक बाजू नेहमी कर्णच असते. ती काटकोनासमोरची बाजू म्हणून आधीच ओळखलेली असते. तिचे नाव लघुकोन बदलला तरी बदलत नाही. त्यामुळे ‘लगतची बाजू’ हे नाव कोन बनवणाऱ्या उरलेल्या बाजूसाठी राखून ठेवले आहे.

आता क्रम लक्षात घे. आकृतीत प्रथम काटकोन शोधून त्याच्या समोरच्या बाजूवर ‘कर्ण’ असे लिहावे. मग ज्या कोनाविषयी विचारले आहे त्याच्या शिरोबिंदूवर बोट ठेवावे. बोटाला न टेकणारी बाजू समोरची आणि उरलेली लगतची. त्रिकोण अबक मध्ये ब हा काटकोन आहे, अब ८, बक १५ आणि अक १७ एकक आहे असे समज. कोन अ कडून पाहिले तर साइन अ = १५/१७, कोसाइन अ = ८/१७ आणि टॅन अ = १५/८. त्याच आकृतीत बोट क वर ठेवले की साइन क = ८/१७ आणि कोसाइन क = १५/१७ होते. एकाही बाजूची लांबी बदललेली नाही, तरी समोरची बाजू लगतची झाली आणि लगतची समोरची. अ आणि क हे कोटिकोन (म्हणजे बेरीज ९० अंश असलेले कोन) असल्यामुळे एकाची साइन ती दुसऱ्याची कोसाइन, हा नियमही इथेच आपोआप मिळतो.

तुझा गोंधळ होण्याचे खरे कारण असे असावे की पुस्तकांतील बहुतेक त्रिकोण आडव्या पायावर उभे काढलेले असतात आणि त्यामुळे ‘खालची बाजू म्हणजे लगतची’ अशी सवय डोळ्यांना लागते. सूत्रे पाठ करण्यासाठी आद्याक्षरांच्या ज्या युक्त्या सांगितल्या जातात त्या वाईट नाहीत, परंतु त्या अक्षरे लक्षात ठेवतात, आकृती वाचून देत नाहीत.

प्रश्न : पायथागोरसचे प्रमेय येत असताना मुलांवर साइन-कोसाइनचा भार कशासाठी? दोन बाजू माहीत असल्या की तिसरी निघतेच. (एक पालक, इंदिरानगर)

उत्तर : दोन बाजू माहीत असल्या तर तिसरी निघते हे बरोबर आहे. मात्र अनेकदा एकच बाजू मोजता येते आणि तिच्या जोडीला असतो तो कोन. कोनाविषयी पायथागोरसचे प्रमेय काहीच बोलत नाही.

भास्कराचार्यांच्या लीलावतीतील एक उदाहरण यासाठी उपयोगी पडेल. नांदगावच्या पलीकडे चाळीसगावजवळ पाटण येथे जो शिलालेख आहे, त्यात भास्कराचार्यांच्या नातवाने त्यांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी मठ स्थापल्याची नोंद आहे. म्हणजे हे गणित तसे आपल्या शेजारचेच. सपाट जमिनीवर उभा असलेला ३२ हातांचा वेळू वाऱ्याने मोडतो आणि त्याचे टोक बुंध्यापासून १६ हातांवर जमिनीला टेकते, तर तो किती उंचीवर मोडला असा तो प्रश्न आहे. उत्तर १२ हात येते, कारण मोडून कललेला भाग २० हातांचा होतो आणि १२, १६, २० या बाजू काटकोन त्रिकोणाच्या आहेत. इथवर कोनाची गरज पडली नाही. परंतु मोडलेला वेळू जमिनीशी किती अंशांचा कोन करतो असे विचारले की टॅन = १२/१६ = ०.७५ असे गुणोत्तर घ्यावे लागते आणि कोन सुमारे ३७ अंश मिळतो.

काटकोन त्रिकोण ‘सोडवणे’ म्हणजे त्याच्या तिन्ही बाजू आणि दोन्ही लघुकोन काढणे. त्यासाठी काटकोनाखेरीज दोन गोष्टी माहीत असाव्या लागतात आणि त्यांपैकी एक तरी बाजू असावी लागते. केवळ कोन दिले तर त्रिकोणाचा आकार ठरतो, आकारमान ठरत नाही. ३०, ६० आणि ९० अंशांचा त्रिकोण वहीतही मावतो आणि डोंगराएवढाही असू शकतो. हे सगळे त्रिकोण समरूप असल्यामुळे त्यांच्या बाजूंची गुणोत्तरे मात्र एकच राहतात, आणि त्याच आधारावर ही सारी पद्धत उभी आहे.

प्रश्न : आमच्या भागातील जलकुंभाची उंची काढण्याचा उपक्रम मुलांनी केला. कोनमापकाला दोरा आणि ओळंबा बांधून उन्नत कोन (आडव्या पातळीपासून वर पाहण्याचा कोन) मोजला. जलकुंभापासून ५ मीटरवर कोन ८० अंश आला, म्हणून उंची ५ × टॅन ८० = २८.४ मीटर. २५ मीटरवर कोन ४५ अंश आला, म्हणून उंची २५ मीटर. जलकुंभ एकच असताना तीन मीटरहून अधिक फरक कसा? यांतले बरोबर कोणते? (एक शिक्षक, सिडको)

उत्तर : आपल्या मुलांनी दोनदा मोजले हीच या उपक्रमातील सर्वांत चांगली गोष्ट आहे. एकदाच मोजले असते तर २८.४ हे उत्तर वहीत गेले असते आणि कोणालाच शंका आली नसती.

प्रथम एक किरकोळ पण हमखास राहून जाणारी बाब. कोन मोजणाऱ्याच्या डोळ्यापासून मोजला जातो, जमिनीपासून नव्हे. म्हणून दोन्ही उत्तरांत डोळ्याची उंची, समजा १.५ मीटर, मिळवायला हवी. अर्थात दोन्हींत ती सारखीच मिळवायची असल्यामुळे आपण विचारलेला फरक त्याने कमी होत नाही.

फरकाचे कारण टॅनच्या स्वभावात आहे. कोनमापक, दोरा आणि वारा यांच्या साह्याने मोजताना एक अंश इकडेतिकडे होणे अगदी स्वाभाविक आहे. ५ मीटरवर उभे राहून ८० ऐवजी ७९ अंश वाचले असते तर उंची २५.७ मीटर आली असती आणि ८१ वाचले असते तर ३१.६ मीटर. म्हणजे दोन अंशांच्या अवकाशात उत्तर जवळजवळ सहा मीटर हलते. उलट २५ मीटरवर ४४ अंशांनी २४.१ आणि ४६ अंशांनी २५.९ मीटर येतात. तिथे तेवढ्याच चुकीने उत्तर दोन मीटरसुद्धा हलत नाही. कोन ९० अंशांकडे जाऊ लागला की टॅनचे मूल्य भराभर वाढत जाते: टॅन ८० हे ५.६७ आहे, टॅन ८५ हे ११.४३ आणि टॅन ८९ हे ५७.२९. अशा चढणीवर उभे राहून अंदाज बांधणे धोक्याचे असते.

आता दोन्ही मापांत एकेक अंशाची चूक संभवते असे धरले, तर पहिले माप उंची २५.७ ते ३१.६ च्या दरम्यान असल्याचे सांगते आणि दुसरे २४.१ ते २५.९ च्या दरम्यान. २५.७ ते २५.९ हा चिंचोळा भाग दोन्हींत सामाईक आहे. तेव्हा आपली मापे एकमेकांना खोटे पाडत नाहीत. एक ढोबळ आहे आणि दुसरे नेमके, इतकेच. दुसऱ्यावर विश्वास ठेवावा आणि डोळ्याची उंची मिळवून जलकुंभ २६ ते २७ मीटरच्या आसपास आहे असे लिहावे. दशांश स्थळे पुढे ओढण्यात अर्थ नाही.

मग जितके दूर जावे तितके चांगले का? तसेही नाही. याच जलकुंभापासून सुमारे १४० मीटरवर गेल्यास कोन १० अंशांच्या आसपास येतो. टॅन १० हे ०.१७६३ आणि टॅन ११ हे ०.१९४४, म्हणजे एका अंशाच्या चुकीने उंची पुन्हा दहा टक्क्यांनी बदलते. कोनाच्या चुकीचा शेकडा परिणाम ४५ अंशांपाशी सर्वांत कमी, म्हणजे अंशाला साडेतीन टक्क्यांच्या जवळपास असतो आणि दोन्ही बाजूंना वाढत जातो. तेव्हा जागा निवडताना वस्तूच्या अंदाजे उंचीइतकेच अंतर राखावे.

जलकुंभाच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. त्याची टाकी खांबांच्या बाहेर आलेली असते आणि खालून पाहताना आपल्याला टाकीची जवळची कड दिसते, तिचा मध्य दिसत नाही. म्हणून टेप लावताना अंतर खांबापर्यंत किंवा मध्यापर्यंत न धरता त्या कडेच्या बरोबर खाली येणाऱ्या जमिनीवरील बिंदूपर्यंत धरावे. यात अर्ध्या मीटरची गफलत झाली तर ५ मीटरवर ती दहा टक्क्यांची ठरते आणि २५ मीटरवर दोन टक्क्यांची. कोनमापक उलटा धरून ओळंब्याने मोजताना दोरा ज्या अंशावर येतो तो उन्नत कोन नसून त्याचा कोटिकोन असतो, हेही मुलांना सांगावे. ४५ अंशांवर ही चूक लपून राहते, इतर ठिकाणी उघडी पडते.

प्रश्न : डोंगराच्या पायथ्यापर्यंत अंतर मोजता येत नसेल तर उंची कशी काढावी? मी एका ठिकाणी शिखराचा उन्नत कोन १२ अंश मोजला आणि डोंगराच्या दिशेने सरळ २०० मीटर पुढे जाऊन १५ अंश. (एक गिर्यारोहक, मखमलाबाद)

उत्तर : शिखरातून खाली सोडलेला लंब डोंगराच्या पोटात कुठे तरी पडतो, तिथवर टेप नेता येत नाही, म्हणूनच दोन कोन घ्यावे लागतात. यात समोरची बाजू, म्हणजे उंची, दोन्ही त्रिकोणांना सामाईक आहे आणि लगतच्या बाजूंमधील फरक आपण मोजला आहे. तेव्हा टॅनऐवजी त्याचा व्यस्त, म्हणजे कॉट, वापरल्यास मांडणी सुटसुटीत होते. उंची उ मानली तर दूरच्या ठिकाणापासून लंबापर्यंतचे अंतर उ × कॉट १२ = ४.७०४६ उ आणि जवळच्या ठिकाणापासूनचे उ × कॉट १५ = ३.७३२१ उ. या दोहोंतील फरक २०० मीटर. म्हणून ०.९७२५ उ = २०० आणि उ सुमारे २०६ मीटर. ही उंची आपल्या डोळ्याच्या पातळीपासूनची आहे, समुद्रसपाटीपासूनची नाही. नकाशातील आकड्याशी तुलना करण्यापूर्वी आपण उभे होता त्या जागेची उंची तीत मिळवावी.

पद्धत बरोबर असली तरी या उत्तरावर फारसे विसंबू नये, असे माझे मत आहे. दुसरा कोन १५ ऐवजी साडेचौदा अंश असता तर उंची २३९ मीटर आली असती आणि साडेपंधरा असता तर १८२ मीटर. अर्ध्या अंशाच्या दोलायमानतेत सत्तावन्न मीटरांचा फरक! कारण असे की आपल्या दोन कोनांत अंतरच मुळी तीन अंशांचे आहे आणि अर्धा अंश हा त्याचा सहावा भाग होतो. उपाय सोपा आहे. दोन ठिकाणांमधील अंतर वाढवावे. आपण ४०० मीटर पुढे गेला असता तर कोन सुमारे २० अंश आला असता. मग ४०० ÷ (४.७०४६ − २.७४७५) या हिशेबाने उंची २०४ मीटर येते, आणि त्या कोनात अर्ध्या अंशाची चूक धरली तरी ती १९७ ते २१३ मीटरच्या मध्येच राहते. दोन्ही ठिकाणे आणि शिखर एका सरळ रेषेत असावीत आणि दोन्ही ठिकाणे एकाच पातळीवर असावीत, या दोन अटी मात्र पाळाव्या लागतात. मखमलाबादकडच्या चढउताराच्या जमिनीत दुसरी अट जड जाते, म्हणून शक्यतो पाटाच्या कडेने जाणारा सपाट रस्ता निवडावा.

एक पाया नीट मोजायचा आणि बाकीचे कोनांवर सोपवायचे, हीच रीत भारतातील महा-त्रिकोणमितीय सर्वेक्षणात वापरली गेली. १८०२ साली विल्यम लॅम्बटन यांनी मद्रासजवळ सुमारे साडेसात मैलांची आधाररेषा मोजून त्या कामाला आरंभ केला. तेथील त्रिकोण काटकोन नव्हते आणि त्यांसाठी साइनचा व्यापक नियम लागतो, परंतु विचार तोच. पुढे हिमालयातील शिखरे शंभर मैलांहून अधिक अंतरावरून पाहिली गेली, राधानाथ सिकदार यांच्या गणनेतून पंधराव्या क्रमांकाचे शिखर, म्हणजेच आजचे एव्हरेस्ट, सर्वांत उंच असल्याचे दिसले आणि १८५६ मध्ये त्याची उंची २९,००२ फूट म्हणून जाहीर झाली. आज एव्हरेस्टची मान्य उंची ८८४८.८६ मीटर, म्हणजे सुमारे २९,०३२ फूट आहे. इतक्या दुरून इतके नेमके उत्तर मिळाले, कारण त्यांच्या थिओडोलाइटवर कोन अंशाच्या कितीतरी लहान भागापर्यंत वाचता येत असे आणि हवेतून येताना किरण वाकतो त्याचाही हिशेब त्यांनी धरला होता.

प्रश्न : गच्चीवर २ मीटर लांबीचे सौर पॅनेल २० अंशांच्या कलाने बसवायचे आहे. मागचा पाय पुढच्यापेक्षा किती उंच करावा यावर घरात वाद आहे. फॅब्रिकेटर ७३ सेंटीमीटर म्हणतात, अकरावीतील मुलगी ६८ म्हणते. (ओझर)

उत्तर : आपली मुलगी बरोबर आहे, मात्र फॅब्रिकेटरही गणित चुकलेले नाहीत, त्यांनी निराळा त्रिकोण सोडवला आहे. पॅनेल स्वतः तिरपे असते, म्हणून त्याची २ मीटर लांबी हा कर्ण होय. कर्ण माहीत आणि समोरची बाजू हवी, तर साइन : २ × साइन २० = २ × ०.३४२० = ०.६८४ मीटर. फॅब्रिकेटरांनी २ × टॅन २० = ०.७२८ मीटर असे केले असणार, आणि ते दोन पायांमधील आडवे अंतर २ मीटर असेल तेव्हाच योग्य ठरते. तसा सांगाडा केल्यास तिरपी लांबी २ ÷ कोसाइन २० = २.१३ मीटर होईल आणि पॅनेल १३ सेंटीमीटर आखूड पडेल. आपल्या सांगाड्यात पुढचा आणि मागचा पाय १.८८ मीटर अंतरावर असावेत, कारण २ × कोसाइन २० तेवढे येते.

गच्चीला पाणी वाहून जाण्यासाठी थोडा उतार दिलेला असतो, त्यामुळे उंचीतील हा ६८ सेंटीमीटरचा फरक गच्चीच्या लादीपासून न मोजता पाणसळ लावून मोजावा. पॅनेलच्या मागे दुसरी रांग असेल तर सावलीचाही विचार हवा. डिसेंबरच्या २२ तारखेस नाशिक परिसरात भर दुपारी सूर्य क्षितिजापासून सुमारे साडेसेहेचाळीस अंशांवर असतो. त्या वेळी ६८ सेंटीमीटर उंचीची सावली ०.६८४ ÷ टॅन ४६.५ = ६५ सेंटीमीटर पडते. सकाळी आणि संध्याकाळी ती याहून लांब असते, म्हणून रांगांमध्ये यापेक्षा बरेच अधिक अंतर ठेवणे इष्ट.

प्रश्न : आमच्या काळी लॉग टेबलाच्या पुस्तकात साइनचे कोष्टक असे. त्याही आधी लोक ही मूल्ये कोठून आणत? (निवृत्त ओव्हरसियर, नाशिक रोड)

उत्तर : कोष्टकातूनच, आणि ती कोष्टके फार जुनी आहेत. आर्यभटांनी इसवी सन ४९९ मधील आपल्या ग्रंथात पावणेचार अंशांच्या, म्हणजे २२५ कलांच्या, टप्प्यांनी चोवीस ‘ज्यां’मधील (ज्या म्हणजे त्रिज्येने गुणलेली साइन) अंतरे एका श्लोकात दिली : २२५, २२४, २२२, २१९, २१५, २१० अशी ती सुरू होतात. ती ओळीने मिळवत गेले की ज्या मिळतात. त्रिज्या ३४३८ कला घेतली आहे, कारण २१,६०० कलांच्या परिघाला दोन पायने भागल्यावर जवळजवळ तेवढीच त्रिज्या येते. आठवी ज्या, म्हणजे ३० अंशांची, १७१९ आहे आणि ती ३४३८ च्या बरोबर निम्मी आहे.

वरच्या ओझरच्या प्रश्नातील २० अंश या कोष्टकातून काढून पाहू. २० अंश म्हणजे १२०० कला. पाचवी ज्या ११२५ कलांसाठी ११०५ आहे आणि सहावी १३५० कलांसाठी १३१५. उरलेल्या ७५ कलांसाठी त्रैराशिकाने २१० चा तिसरा हिस्सा, म्हणजे ७०, मिळवला की ११७५ येतात. ११७५ ÷ ३४३८ = ०.३४१८. दोन मीटरच्या पॅनेलसाठी यावरून ६८.३५ सेंटीमीटर उंची निघते आणि आजच्या कॅल्क्युलेटरवरून ६८.४०. अर्ध्या मिलिमीटरचा हा फरक वेल्डिंगमध्ये सहज बुजून जाईल.

प्रश्न : लेथवर टेपर (निमुळता भाग) काढायचा होता. मोठा व्यास ४० मिलिमीटर, लहान ३० आणि टेपरची लांबी ८०. मी १० ÷ ८० चा टॅन धरून कंपाउंड स्लाइड ७.१३ अंशांवर लावली, पण जॉब भलताच निमुळता झाला. (सातपूर)

उत्तर : कंपाउंड स्लाइड, म्हणजे लेथवरील हत्यार धरणारा फिरता भाग, जॉबच्या अक्षापासून फिरवली जाते, म्हणून काटकोन त्रिकोण अक्षाच्या एकाच बाजूचा घ्यायला हवा. व्यासांतील फरक १० असला तरी एका बाजूला तो ५ आहे. टॅन = ५/८० = ०.०६२५, म्हणजे कोन ३.५८ अंश अथवा ३ अंश ३५ मिनिटे. आपल्या कोनाने ८० मिलिमीटरमध्ये व्यास १० ऐवजी २० ने घटला असणार.

टेपर तपासण्यासाठी आपल्याकडे २०० मिलिमीटरचा साइन बार (एका टोकाखाली ठरावीक उंचीचे ठोकळे, म्हणजे स्लिप गेज, ठेवून कोन साधण्याची पट्टी) असेल तर पूर्ण कोन ७.१५ अंशांचा धरून त्याखाली २०० × साइन ७.१५ = २४.९ मिलिमीटर उंचीचे स्लिप गेज लावावेत. इथे पुन्हा साइन, कारण बारची लांबी तिरपी आहे, म्हणजे कर्ण आहे. ४५ अंशांहून मोठ्या कोनांसाठी साइन बार वापरू नये असा जो संकेत आहे, त्याचे कारण जलकुंभाच्या उत्तराशी जुळणारे आहे. मोठ्या कोनांपाशी साइन फार सावकाश बदलते. तिथे गेजच्या उंचीतील बारीकशी चूकही कोनात मोठी होऊन उतरते.

प्रश्न : मोबाइलवरील कॅल्क्युलेटर साइन ३० चे उत्तर −०.९८८ दाखवतो. (अनेक विद्यार्थी)

उत्तर : तो ३० हे रेडियन समजत आहे. अंशांची निवड करावी, उत्तर ०.५ आले की पुढे जावे. कोन काढताना ‘एरर’ आली तर बहुधा समोरची बाजू कर्णाहून मोठी भरली गेली आहे, कारण साइन एकाहून अधिक असूच शकत नाही.

प्रश्न : साधनांशिवाय सर्व वर्गाला करता येईल असा एखादा प्रयोग सुचवावा. (शिक्षिका, म्हसरूळ)

उत्तर : एक मीटर लांबीची काठी सपाट जागी ओळंब्याने अगदी उभी करावी आणि २३ सप्टेंबरच्या सुमारास दुपारी तिची सर्वांत आखूड सावली मोजावी. त्या दिवशी सूर्य विषुववृत्ताच्या माथ्यावर असतो, त्यामुळे काठी आणि सूर्यकिरण यांतील कोन हाच त्या जागेचा अक्षांश असतो. काठी ही लगतची बाजू आणि सावली ही समोरची. नाशिक जवळजवळ नेमके २० अंश उत्तर अक्षांशावर असल्यामुळे सावली टॅन २० मीटर, म्हणजे ३६.४ सेंटीमीटर यायला हवी. सावलीत एक सेंटीमीटरची वाढ झाली तर कोन साडेवीस अंश होईल आणि आपली शाळा मालेगावच्या अक्षांशाजवळ जाऊन पोहोचेल. सूर्याची तबकडी स्वतःच अर्धा अंश रुंद दिसत असल्यामुळे सावलीची कड पुसट असते. तिच्या गडद आणि फिकट भागांच्या मध्यावर खूण करावी. काठी दोन मीटरची घेतल्यास एका सेंटीमीटरच्या चुकीचा परिणाम निम्म्यावर येतो.

घड्याळात बारा वाजता मोजण्याची चूक टाळावी. आपली प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश रेखांशाची आहे आणि नाशिक त्याच्या जवळजवळ पावणेनऊ अंश पश्चिमेस आहे, म्हणून इथे सूर्य सुमारे पस्तीस मिनिटे उशिरा माथ्याच्या रेषेत येतो. ऋतूनुसार त्यात आणखी काही मिनिटांचा फरक पडतो. २३ सप्टेंबरला ती वेळ १२ वाजून २७ मिनिटांच्या आसपास असते आणि २१ मार्चला १२ वाजून ४२ मिनिटांच्या आसपास. सव्वाबारापासून पाऊण वाजेपर्यंत दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खूण करावी आणि त्यांतील सर्वांत आखूड सावली हिशेबाला घ्यावी; मार्चमध्ये प्रयोग केल्यास एक वाजेपर्यंत थांबावे.